एंटेरोव्हायरस सर्वेक्षण: रुग्ण, सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडल्याची बातमी आली की ठरावीक प्रश्नांची टपाल वाढते, आणि बातमी विरली तरी त्यांतील निम्मे प्रश्न येतच राहतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एंटेरोव्हायरस म्हणजे नेमके कोणते विषाणू? पोलिओ त्यातच येतो का?

होय, पोलिओचे तिन्ही प्रकार एंटेरोव्हायरसच आहेत. पिकॉर्नाव्हिरिडी या कुळातील ही प्रजाती असून तिच्यातील माणसाला बाधणाऱ्या विषाणूंची विभागणी ए, बी, सी आणि डी या चार जातींमध्ये केली जाते. कॉक्सॅकी, एको आणि नुसत्या क्रमांकाने ओळखले जाणारे एंटेरोव्हायरस मिळून शंभराहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत, आणि पोलिओ त्यांतील सी जातीत मोडतो. सर्दीला कारण ठरणारे ऱ्हायनोव्हायरसही याच प्रजातीत येतात, पण ते आतड्यात टिकत नसल्याने या पानावर त्यांचा विचार केलेला नाही.

सर्वेक्षणाच्या दृष्टीने या विषाणूची रचना महत्त्वाची आहे. सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाच्या प्रथिनांच्या कवचात साधारण ७,५०० अक्षरांचा एकपदरी आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय साहित्य, असतो आणि त्याभोवती चरबीचे आवरण नसते. त्यामुळे जठरातील आम्ल पार करून तो आतड्यात वाढतो, विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. मद्यार्क असलेले हात-निर्जंतुक द्रव त्याच्यावर तुलनेने कमी परिणाम करतात, म्हणून या आजारांच्या साथीत साबण आणि पाण्याने हात धुण्याचा आग्रह धरला जातो.

२. बहुतेकांना काहीच होत नसेल, तर एवढी पाळत कशासाठी?

बहुतेकांना काहीच होत नाही, हेच पाळत ठेवण्याचे पहिले कारण आहे. पोलिओच्या पहिल्या प्रकाराची लागण झालेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या सुमारे २०० जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो, आणि दुसऱ्या प्रकारात हे प्रमाण सुमारे २,००० जणांत एक इतके खाली जाते. म्हणजे पहिला लुळा रुग्ण डॉक्टरांसमोर येईपर्यंत विषाणू शेकडो किंवा हजारो लोकांमधून फिरून गेलेला असतो.

दुसरे कारण असे की पोलिओखेरीजचे एंटेरोव्हायरसही अधूनमधून गंभीर रूप धारण करतात. हात-पाय-तोंडाचा आजार बहुधा आठवडाभरात बरा होतो, परंतु एंटेरोव्हायरस ए७१ या प्रकाराने १९९८ मध्ये तैवानमध्ये आलेल्या साथीत ७८ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील बहुतेक लहान मुले होती. एंटेरोव्हायरस डी६८ हा प्रकार अमेरिकेत २०१४ पासून मुलांमधील अचानक लुळेपणाशी जोडला गेला. एको ३० मुळे २०१८ मध्ये युरोपातील अनेक देशांत मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे रुग्ण वाढले. एको ११ च्या एका नव्या वंशशाखेमुळे फ्रान्समध्ये जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात नऊ नवजात बालकांना रक्तदोष (सेप्सिस) आणि यकृत निकामी होण्याचा आजार झाला, त्यांतील सात दगावली. डोळे येण्याच्या मोठ्या साथींमागेही बहुतेक वेळा याच प्रजातीतील कॉक्सॅकी ए२४ चा एक उपप्रकार असतो. यांतील प्रत्येक वेळी आधी माहीत असलेल्या विषाणूचाच एखादा वंश वरचढ झाला होता, आणि नियमित टंकन, म्हणजे प्रकारनिश्चिती, होत असेल तरच असा बदल वेळेत ध्यानात येतो.

३. लागण झालेली व्यक्ती किती दिवस विषाणू बाहेर टाकते?

घशातून साधारण एक ते तीन आठवडे आणि विष्ठेतून बरेचदा त्याहून अधिक काळ, म्हणजे कित्येक आठवडे, विषाणू बाहेर पडत राहतो. लक्षणे असोत वा नसोत, हा क्रम फारसा बदलत नाही. प्रमाण मात्र व्यक्तीव्यक्तीत आणि दिवसादिवसाला खूप बदलते. याचा परिणाम प्रश्न १२ मध्ये दिसेल. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषात हा काळ वर्षांमध्ये मोजावा लागतो, त्याबद्दल प्रश्न १८ पाहावा.

४. रुग्णांमधील सर्वेक्षण प्रत्यक्षात कसे चालते?

सर्वांत शिस्तबद्ध पद्धत पोलिओ निर्मूलनाच्या कार्यक्रमातून आली. १५ वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक शिथिल लुळेपणा आला की कारण काहीही वाटत असले तरी त्याची नोंद करायची, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि ते थंड ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. यातील सुंदर भाग म्हणजे ही पद्धत स्वतःची परीक्षा स्वतः घेते. पोलिओ नसला तरी गियाँ-बारे विकारासारख्या इतर कारणांनी काही मुले लुळी पडतातच, म्हणून १५ वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला पोलिओखेरीजचा किमान एक तरी असा रुग्ण नोंदला गेला पाहिजे, अशी अट आहे. एखाद्या जिल्ह्यातून वर्षभर एकही नोंद आली नाही, तर तेथे कोणी शोधतच नाही असे समजले जाते.

पोलिओखेरीजच्या प्रकारांसाठी असे एकसारखे जागतिक नियम नाहीत. काही देश मेंदूच्या आवरणाचा दाह, मेंदूज्वर, हृदयस्नायूचा दाह आणि नवजात बालकांतील रक्तदोष या रुग्णांचे नमुने नियमित टंकनासाठी पाठवतात, काही देश हात-पाय-तोंडाच्या आजाराच्या नोंदी ठेवतात, तर पुष्कळ ठिकाणी रुग्णालयाची चाचणी ‘एंटेरोव्हायरस आढळला’ एवढ्यावरच थांबते. हे शेवटचे अर्धवट काम आहे. उपचारासाठी तेवढे उत्तर पुरत असेल, पण शंभर प्रकारांपैकी कोणता हे कळल्याशिवाय सार्वजनिक आरोग्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य होतो.

५. शौचाचाच नमुना का? रक्त किंवा पाठीच्या कण्यातील द्रव घेऊन चालत नाही का?

विषाणू सर्वाधिक प्रमाणात आणि सर्वाधिक काळ विष्ठेत मिळतो, म्हणून पहिली पसंती तिला असते. मेंदूच्या आवरणाच्या दाहात पाठीच्या कण्यातील द्रव उपयोगी पडतो, आणि नवजात बालकांत रक्तही तपासावे. मात्र दोन अपवाद लक्षात ठेवले पाहिजेत. एंटेरोव्हायरस ए७१ मेंदूपर्यंत पोहोचलेला असतानाही त्या द्रवात अनेकदा सापडत नाही. अशा वेळी घशातील, फोडांतील किंवा शौचाचा नमुना खरे उत्तर देतो. डी६८ हा प्रकार आम्लात टिकत नाही आणि प्रामुख्याने श्वसनमार्गात वाढतो, त्यामुळे लुळेपणाच्या रुग्णाचे फक्त शौचाचे नमुने घेतले तर तो निसटतो. म्हणून अशा रुग्णांत शक्य तितक्या लवकर नाकातील किंवा घशातील नमुनाही घ्यावा.

याला एक उलट बाजूही आहे. शौचात विषाणू सापडला म्हणजे आजार त्यानेच झाला असे ठरत नाही, कारण लहान मुलांत निरुपद्रवी लागण सतत चालू असते. पाठीच्या कण्यातील द्रवात सापडलेल्या विषाणूबद्दल अशी शंका उरत नाही.

६. सांडपाण्यातून विषाणू शोधण्याची कल्पना कोविडच्या काळात आली का?

नाही, ती ऐंशीहून अधिक वर्षे जुनी आहे. १९४० च्या आसपास अमेरिका आणि स्वीडनमधील संशोधकांनी साथीच्या काळातील सांडपाणी माकडांना टोचून त्यात पोलिओचा विषाणू असल्याचे दाखवले होते. १९४८ मध्ये ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडच्या वाहकाचा माग काढण्यासाठी गटारात जाळीदार कापडाचा बोळा टांगून ठेवण्याची युक्ती वापरली, आणि तिचे सुधारित रूप आजही वापरले जाते. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेतापेशींखेरीज इतर पेशींमध्ये वाढवून दाखवल्यावर (या कामासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले) माकडांची गरज संपली आणि सांडपाण्याची तपासणी नियमितपणे करणे शक्य झाले.

पोलिओ निर्मूलनाच्या कामात मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेतले जाऊ लागले. भारतातील शेवटचा वन्य (लशीतून न आलेल्या, निसर्गातील) पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला, आणि त्यानंतर विषाणू खरोखरच गेला आहे हे म्हणण्यासाठी सांडपाण्याच्या नमुन्यांचा आधार मिळाला.

७. नमुना कोठून, कधी आणि कसा घेतात?

जागेची निवड हे या कामातील सर्वांत कमी चर्चिले जाणारे पण सर्वांत निर्णायक पाऊल आहे. शुद्धीकरण केंद्राच्या प्रवेशद्वारी किंवा पंपिंग स्टेशनवर, शुद्धीकरणाची कोणतीही प्रक्रिया होण्याआधीचे पाणी घेतले जाते. त्या वाहिनीला कोणत्या वस्त्या जोडल्या आहेत हे नकाशावर ठाऊक असले पाहिजे, आणि लोकसंख्या साधारण एक ते तीन लाखांच्या घरात असावी असे मानले जाते. त्याहून फार मोठ्या क्षेत्रात विषाणू विरळ होतो, आणि सापडलाच तर शोध कोठे घ्यायचा हे कळत नाही. कारखान्यांचे रसायनयुक्त पाणी जेथे मिसळते ती जागा टाळावी, कारण ते विषाणूही मारते आणि प्रयोगशाळेतील पेशीही.

सकाळी, लोकांच्या शौचाच्या वेळेनंतर वाहिनीत सर्वाधिक प्रवाह असताना, किमान अर्धा ते एक लिटर पाणी एकदम भरून घेतात. दुसरी पद्धत म्हणजे २४ तासांत ठरावीक अंतराने थोडे थोडे पाणी जमा करणारे यंत्र बसवणे. ती अधिक प्रातिनिधिक असली तरी वीज, सुरक्षितता आणि देखभाल मागते. नमुना बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत नेला जातो. महिन्यातून एकदा नमुना घेणे ही किमान वारंवारता समजली जाते आणि धोका वाढला की ती वाढवतात.

८. प्रयोगशाळेत पुढे काय होते आणि निकालाला इतका वेळ का लागतो?

सांडपाण्यात विषाणू असला तरी तो विरळ असतो, म्हणून आधी तो एकवटावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या पद्धतीत पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान मिसळून पाण्याचे दोन थर वेगळे होऊ दिले जातात, विषाणू खालच्या छोट्या थरात गोळा होतो आणि अर्ध्या लिटरमधून सुमारे १० मिलिलिटर द्रव हाती येतो. तो दोन प्रकारच्या पेशींवर घालतात. माणसाच्या स्नायूच्या गाठीपासून बनवलेल्या आरडी पेशींत अनेक एंटेरोव्हायरस वाढतात. एल२०बी या पेशी मूळच्या उंदराच्या असून त्यांत माणसातील पोलिओचा ग्राहक, म्हणजे पेशीवरील ज्या रेणूला विषाणू चिकटतो तो, बसवलेला असतो, त्यामुळे त्यांत पोलिओ निवडून वाढतो. पेशी खराब होताना दिसल्या की पीसीआरने प्रकार ओळखतात आणि संशयास्पद विषाणूच्या व्हीपी१ या कवच-प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचतात.

पेशींत विषाणू वाढायला पाच-पाच दिवसांच्या दोन फेऱ्या द्याव्या लागतात आणि त्यानंतर ओळख व क्रमवाचन येते, म्हणून नमुन्यापासून निकालापर्यंत सर्व मिळून महिनाभर सहज जातो. नमुन्यातून थेट आरएनए काढून क्रम वाचण्याच्या नव्या पद्धती हा काळ बराच कमी करतात.

येथे एक सावधगिरी. आरडी पेशींना बी जातीतील एको चांगले मानवतात, ए जातीतील कित्येक प्रकार त्यांत कसेबसे वाढतात, तर सी जातीतील काही मुळीच वाढत नाहीत. त्यामुळे ‘सांडपाण्यात अमुक प्रकार सर्वाधिक’ अशा जुन्या यादीत लोकसंख्येइतकीच त्या पेशींची आवडनिवडही उमटलेली असते. थेट क्रमवाचनाने तपासल्यावर त्याच शहरांच्या पाण्यात एरवी न दिसलेले प्रकार दिसू लागले, हे या क्षेत्रातील अलीकडचे मोठे शिक्षण आहे.

९. पीसीआरमध्ये विषाणू सापडला, म्हणजे तो जिवंत आणि संसर्गक्षम आहे का?

तसे सांगता येत नाही. पीसीआर आरएनएचा तुकडा शोधते आणि क्लोरीनने किंवा उन्हाने निष्क्रिय झालेल्या विषाणूतही तो तुकडा काही काळ शाबूत राहू शकतो. पेशींत वाढलेला विषाणू मात्र निश्चितच संसर्गक्षम असतो. म्हणून कच्च्या सांडपाण्यात, जेथे ‘विषाणू लोकांमध्ये आहे का’ एवढाच प्रश्न असतो, पीसीआर पुरेशी आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात, जेथे ‘हे पाणी कोणाला आजारी पाडेल का’ हा प्रश्न असतो, तेथे नुसत्या पीसीआरवर निष्कर्ष काढू नये. उलट दिशेनेही चूक होऊ शकते. सांडपाण्यातील ह्युमिक आम्लांसारखे घटक पीसीआरची क्रिया अडवतात, त्यामुळे प्रत्येक नमुन्यात ओळखीचा नियंत्रक विषाणू घालून क्रिया अडली नाही ना हे तपासावेच लागते.

१०. सांडपाण्यात पोलिओ सापडला, पण एकही रुग्ण नाही. मग घाबरायचे का?

घाबरण्यापेक्षा लसीकरणाचा नकाशा काढून बसणे उपयोगाचे ठरते. इस्रायलने २००५ पासून फक्त टोचून द्यायची निष्क्रिय लस वापरली होती. ही लस लुळेपणापासून उत्तम संरक्षण देते, पण आतड्यातील विषाणूची वाढ तेवढी रोखत नाही. २०१३ मध्ये दक्षिणेकडील राहात येथील सांडपाण्यात वन्य पोलिओचा पहिला प्रकार सापडला. क्रमवाचनावरून तो पाकिस्तानातील वंशाचा आणि त्याआधी कैरोच्या सांडपाण्यात दिसलेल्या विषाणूचा नातलग असल्याचे कळले. तो काही महिने फिरत राहिला, तरी लुळेपणाचा एकही रुग्ण आढळला नाही. त्या वर्षी ऑगस्टपासून मुलांना तोंडावाटे देण्याची लस दिली गेली आणि पुढे विषाणू थांबला.

२०२२ मध्ये लंडनच्या बेक्टन केंद्राच्या सांडपाण्यात लसजन्य पोलिओचा (लशीतील विषाणू बदलून झालेला, प्रश्न १३) दुसरा प्रकार फेब्रुवारीपासून वारंवार दिसला. तेथेही लुळेपणाचा रुग्ण आढळला नाही आणि एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला. त्याच वंशाचा विषाणू न्यूयॉर्क राज्यात मात्र एका लस न घेतलेल्या तरुण व्यक्तीला लुळे करून गेला, आणि तो रुग्ण कळल्यावर जुने साठवलेले सांडपाणी तपासले तेव्हा विषाणू आधीपासून तेथे होता असे दिसले. दोन ठिकाणांतील फरक विषाणूत नसून, सांडपाणी आधी कोणी तपासले आणि लस न घेतलेल्यांची दाटी कोठे होती, यात होता.

एकच नमुना आणि वारंवार येणारे नमुने यांत भेद करावा. एखाद्या प्रवाशामुळे विषाणू एकदा दिसू शकतो. तोच वंश दोन महिन्यांहून अधिक अंतराने, किंचित बदललेल्या क्रमासह पुन्हा दिसला, तर तो स्थानिक लोकांमध्ये पसरत आहे असे मानावे.

११. उलट, सांडपाण्यात काहीच सापडले नाही, तर विषाणू नाही असे म्हणता येईल का?

एका नमुन्यावरून नाही. हेलसिंकीत एकदा लशीतील पोलिओ विषाणूची मोजलेली मात्रा शुद्धीकरण केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरवर मुद्दाम वाहिनीत सोडली गेली. तिचा माग चार दिवस लागत राहिला. यावरून पद्धत चांगली संवेदनशील आहे हे दिसते, पण हे उत्तम वाहिन्यांच्या थंड शहरातले आहे हेही विसरू नये.

नकारात्मक निकालाचे मोल ठरवण्यासाठी एक सोपी कसोटी आहे: त्या ठिकाणच्या नमुन्यांत इतर एंटेरोव्हायरस सापडतात का? लहान मुले असलेल्या कोणत्याही वस्तीत ते वर्षभर असतातच, म्हणून पोलिओ कार्यक्रमात किमान निम्म्या नमुन्यांत तरी कोणता ना कोणता एंटेरोव्हायरस मिळावा अशी अपेक्षा ठेवतात. महिनोन्महिने काहीच मिळत नसेल तर दोष जागेत, वाहतुकीत किंवा प्रयोगशाळेत शोधावा. सलग अनेक नमुन्यांत इतर प्रकार मिळत आहेत आणि पोलिओ मिळत नाही, असे असेल तर मात्र त्या नकाराला वजन येते.

१२. सांडपाण्यातील प्रमाणावरून किती लोकांना लागण झाली हे काढता येते का?

ढोबळ चढउतार सांगता येतो, माणसे मोजता येत नाहीत. बाहेर पडणारे प्रमाण व्यक्तीनुसार हजारपटींनी बदलू शकते (प्रश्न ३), पावसाने पाणी विरळ होते, वाहिनीतील गाळाला विषाणू चिकटतो आणि एकवटण्याच्या प्रक्रियेत त्यातील काही भाग हरवतो. मिरचीवरील एक वनस्पती-विषाणू माणसाच्या विष्ठेत जवळपास सर्वत्र आढळतो. त्याच्या प्रमाणाशी तुलना करून विरळपणाची दुरुस्ती केली जाते आणि त्याने एकाच ठिकाणच्या आठवड्यांची तुलना बरी जमते. दोन वेगळ्या शहरांचे आकडे शेजारी ठेवून ‘येथे साथ दुप्पट’ म्हणणे मात्र टाळावे.

१३. आमच्याकडे तोंडावाटे पोलिओची लस देतात. मग सांडपाण्यात लशीचाच विषाणू सापडणार नाही का?

सापडणारच, आणि त्यात वावगे काही नाही. तोंडावाटे देण्याच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो बाळाच्या विष्ठेतून काही आठवडे बाहेर पडतो. प्रश्न निर्माण होतो तो लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे बराच काळ जात राहिला तर. तशा फिरण्यात त्याच्या आरएनएमध्ये बदल साठत जातात आणि तो पुन्हा लुळे करण्याची क्षमता मिळवू शकतो.

हे बदल मोजण्याचे नियम ठरलेले आहेत. व्हीपी१ जनुक सुमारे ९०० अक्षरांचे असते आणि त्यात वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो. पहिल्या व तिसऱ्या प्रकारात मूळ लशीपेक्षा एक टक्क्याहून अधिक, म्हणजे दहा किंवा जास्त अक्षरांचा फरक असेल, आणि दुसऱ्या प्रकारात सहा किंवा जास्त अक्षरांचा, तर तो लसजन्य पोलिओ विषाणू ठरतो. फरकावरून तो किती काळ फिरत आहे याचाही अंदाज येतो. दुसरा प्रकार एप्रिल २०१६ मध्ये नेहमीच्या तोंडावाटेच्या लशीतून काढून टाकला गेला. त्यामुळे जेथे त्या प्रकाराची लस वापरली जात नाही तेथे तो मूळ रूपातही सापडला तरी चौकशी होते. २०२१ पासून साथींत वापरली जाणारी दुसऱ्या प्रकाराची नवी लस जनुकीयदृष्ट्या अधिक स्थिर केलेली आहे, पण तिच्यापासूनही असे विषाणू क्वचित निर्माण झाले आहेत.

१४. पिण्याच्या पाण्याचा अहवाल ‘कोलिफॉर्म नाहीत’ असा आला. म्हणजे विषाणूही नाहीत ना?

एवढ्यावरून तसे धरू नये. कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जिवाणू आहेत. ते सापडले तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे नक्की, पण ते न सापडणे हा विषाणू नसल्याचा पुरावा नव्हे. क्लोरीनने ते विषाणूंच्या आधी मरतात, मातीच्या थरांतून ते अडतात तर त्यांच्या कितीतरी पटींनी लहान असलेले विषाणू भूजलापर्यंत झिरपतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. ती एंटेरोव्हायरसने नव्हे, पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूने झाली होती, परंतु क्लोरीनचे प्रमाण वाढवल्यावर जिवाणूजन्य आजार फारसे वाढले नाहीत आणि विषाणू मात्र पार झाला, हा धडा सर्वच जलजन्य विषाणूंना लागू पडतो.

मग पिण्याच्या पाण्यात थेट एंटेरोव्हायरस का शोधत नाहीत? शोधता येतात, पण शेकडो लिटर पाणी धनभारित गाळणीतून काढावे लागते, पेशींतील वाढीला आठवडे लागतात आणि निकाल येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. म्हणून ही तपासणी रोजच्या हमीसाठी नसून, स्रोत किती दूषित आहे आणि शुद्धीकरण किती काम करते हे अधूनमधून पडताळण्यासाठी आहे. रोजच्या कामात गढूळपणा, उरलेले क्लोरीन आणि संपर्काचा वेळ यांवर लक्ष ठेवणे अधिक भरवशाचे ठरते. विषाणूंचे प्रतिनिधी म्हणून कोलिफाज, म्हणजे ई. कोलायला बाधणारे विषाणू, मोजण्याची पद्धतही वाढत आहे.

१५. क्लोरीनने किंवा उकळण्याने हे विषाणू मरतात का?

दोन्हींनी मरतात. खळखळून उकळी आलेले पाणी सुरक्षित होते. क्लोरीनच्या बाबतीत प्रमाण आणि वेळ यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो: अमेरिकी नियमांतील तक्त्यानुसार १० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात ९९.९९ टक्के विषाणू निष्क्रिय करण्यासाठी हा गुणाकार ६ (मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले मिनिटे) असावा लागतो आणि २० अंशाला तो ३ पुरतो. जागतिक आरोग्य संघटना व्यवहारात किमान अर्धा तास संपर्क आणि त्यानंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे, असे सांगते. पाणी गढूळ असेल तर हे आकडे कोलमडतात, कारण विषाणू कणांच्या आड लपतो आणि क्लोरीन गाळावर खर्च होते. आधी गाळणे, मग क्लोरीन, हा क्रम मोडू नये.

१६. जेथे मैलावाहिन्याच नाहीत, तेथे काय करायचे?

ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे, कारण धोका बहुधा तेथेच अधिक असतो. उघडी गटारे, अनेक वस्त्यांचे पाणी एकत्र आणणारे नाले आणि मैला उपसणाऱ्या टँकरची रिकामे करण्याची जागा येथून नमुने घेतले जातात. अशा ठिकाणी पाणी किती घरांचे आहे हे नेमके ठरत नाही, पावसाळ्यात नमुना निरर्थक होऊ शकतो आणि प्रश्न ११ मधील कसोटी अधिक काटेकोरपणे लावावी लागते. घरागणिक शोषखड्डे असलेल्या विखुरलेल्या खेड्यांत सांडपाण्याचा नाद सोडून लुळेपणाच्या रुग्णांची नोंद पक्की करणे हेच शहाणपणाचे आहे.

१७. सांडपाण्यावरून कोणाच्या घरात आजार आहे हे कळते का? आणि मग रुग्णांचे सर्वेक्षण बंद करता येईल का?

पहिल्याचे उत्तर: लाखभर लोकांच्या एकत्रित पाण्यातून व्यक्ती ओळखता येत नाही. एखादी इमारत, वसतिगृह किंवा तुरुंग यांच्या वाहिनीतून नमुना घेतला तर परिस्थिती बदलते. तेथे आधी परवानगी, निकाल कोणाला कळवायचा आणि पुढे काय करायचे हे ठरवूनच काम सुरू करावे.

दुसऱ्याचे उत्तर स्पष्टपणे नाही. सांडपाणी ‘येथे कोणता विषाणू फिरत आहे’ हे सांगते, रुग्ण ‘तो माणसांचे काय करत आहे’ हे सांगतात. एको ११ ची नवी शाखा सांडपाण्यात दिसली असती तरी नवजात बालकांच्या यकृताला ती धोकादायक आहे हे पाण्याच्या कोणत्याही चाचणीने सांगितले नसते. प्रत्यक्षात सर्वांत उपयोगी ठरते ती दोन्हीकडच्या विषाणूंच्या क्रमांची एकमेकांशी तुलना, आणि त्यासाठी रुग्णालयाच्या व जलविभागाच्या प्रयोगशाळांनी एकच जनुकखंड वाचणे आणि निकाल एका ठिकाणी ठेवणे गरजेचे आहे. तंत्राची अडचण यात फारशी नाही. दोन खाती एकमेकांना माहिती देत नाहीत, ही आहे.

१८. सांडपाण्यात वर्षानुवर्षे एकच, खूप बदललेला लसजन्य विषाणू दिसतो, पण आसपास कोणालाच लागण नाही. असे कसे होते?

बहुतेक वेळा यामागे एकच व्यक्ती असते. प्रतिपिंडे बनवण्याचा जन्मजात दोष असलेल्या काही थोड्या लोकांना लहानपणी तोंडावाटे लस दिली गेली असेल, तर विषाणू त्यांच्या आतड्यात कायमचा ठाण मांडू शकतो. ब्रिटनमधील अशा एका व्यक्तीच्या विष्ठेतून पोलिओचा दुसरा प्रकार अंदाजे २८ वर्षे बाहेर पडत असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी व्यक्ती स्वतः निरोगी वाटू शकते, त्यामुळे लुळेपणाच्या रुग्णांच्या नोंदीत ती कधीच येत नाही.

अशा विषाणूत व्हीपी१ मधील फरक दहा टक्क्यांच्याही पुढे गेलेला असू शकतो आणि एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांत त्याचे अनेक किंचित वेगळे वंश दिसतात; लोकांमध्ये फिरणाऱ्या विषाणूत असे चित्र सहसा नसते. शोधासाठी मुख्य वाहिनीवरून तिच्या शाखांकडे नमुने घेत मागे जातात, तसेच प्रतिकारशक्तीच्या दोषांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यांतील रुग्णांचे शौचाचे नमुने त्यांच्या संमतीने तपासतात. फिनलंड, एस्टोनिया, स्लोव्हाकिया आणि इस्रायल येथे सांडपाण्यात असे विषाणू सापडले, वाहिन्यांमधून मागे जाऊन शोधक्षेत्र लहान केले गेले, पण ते बाहेर टाकणाऱ्या व्यक्ती सापडल्या नाहीत. व्यक्ती सापडली तरी विषाणू काढून टाकणारे खात्रीचे औषध अद्याप मान्यताप्राप्त नाही, काही औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तोवर आसपासच्या लोकांचे लसीकरण पूर्ण ठेवणे आणि त्या वाहिनीचे नमुने घेत राहणे एवढेच करता येते.